अमेरिकन लेखकाला हुंकार देताना

मी चौथी शिकलो. पाचवीचं पुस्तक हातात यायच्या आधी ट्रकचा पाना आला. हे मी लपवत नाही आणि त्याचं रडगाणंही गात नाही. सही मराठीत करतो. जर्मनीत आल्यावर परदेशी लोकांच्या कचेरीत, त्या आउसलेंडरबेहोर्डमध्ये, कागदावर मराठीत सही ठोकली तेव्हा काचेमागची बाई कागद फिरवून फिरवून बघत राहिली. पोरगा कानात म्हणाला, "अण्णा, इंग्रजीत केली असती तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, "सही माझी आहे का तिची?"

पण हे लिहितोय ते माझ्याबद्दल नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक अमेरिकन राहायचा, कवी आणि कादंबरीकार. त्याच्याबद्दल लिहितोय. त्याच्या शेवटच्या कादंबरीत माझा हात होता. हात कसला, आवाज होता. त्या कादंबरीतलं एक अक्षर मला कळलं नाही, तरी होता.

बायको गेली आणि पोरानं मला कराडहून इथं एर्लांगेनला आणलं. तो दवाखान्यातल्या मशिनींचं सॉफ्टवेअर करतो, सून विजेच्या मोठ्या कंपनीत आहे, नात शाळेत. तिघंही सकाळी सायकली काढून जातात. नात माझं सगळं बोलणं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. मग मी समजल्यासारखं करतो. माणसं चांगली आहेत, तक्रार नाही. पण दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नाही. एकदा पोरगा घरूनच काम करत होता. खोलीत येरझाऱ्या घालत मराठीत काहीतरी सांगत होता. मला बरं वाटलं. मी खुर्चीत सरसावून बसलो आणि 'हूं, हूं' करत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यानं कानातलं काढलं आणि म्हणाला, "अण्णा, मी तुमच्याशी नाही, पुण्याच्या ऑफिसशी बोलतोय."

हे 'हूं' माझ्या अंगात मुरलेलं आहे. मी आधी ट्रकवर किन्नर होतो, म्हणजे क्लीनर. माझा उस्ताद पंजाबी. पल्ला लांबचा. झोप लागू नये म्हणून तो गोष्टी सांगायचा आणि वाक्यावाक्याला मी हुंकार द्यायचा. पंजाबी मला कुठं येत होती? पण गोष्ट कुठं चढते, कुठं उतरते, सांगणारा कुठं थाप मारतो, कुठं त्याचा स्वतःचाच गळा दाटतो, हे भाषेवाचून कळतं. आणि उस्ताद पक्का. मन नसताना हुंकार दिला की ओळखायचा आणि टपली मारायचा. "झूठा हुंकारा मत दे," म्हणायचा, "उससे तो सो जा." पुढं मी जन्मभर स्वतः गाडी चालवली. माझ्याही गाडीवर किन्नर आले, पण माझ्यासारखा हुंकार देणारा एकही आला नाही. बढाई म्हणून सांगत नाही. आहे ते आहे.

तर इथली थंडी सरली होती आणि मी सकाळी बाल्कनीत उन्हाला बसलो होतो. खालच्या बाल्कनीचं दार उघडं होतं. आत एक माणूस बोलत होता, एकटाच. फोन नव्हे, भांडण नव्हे. दोनचार वाक्यं म्हणायचा, थांबायचा, मग तीच वाक्यं थोडी हलवून पुन्हा म्हणायचा. एकदा त्याचा आवाज वर गेला, जरा तिथंच टांगून राहिला, मग अलगद खाली आला, आणि माझ्या तोंडून गेलं, "हूं."

खाली एकदम शांत.

मग तेच वाक्य परत, जरा मोठ्यानं. मी परत म्हणालो, "हूं." मग पुढचं वाक्य आलं. तिथं मात्र माझा हुंकार आला नाही. ते वाक्य बंद पडलेली गाडी ढकलत न्यावी तसं गेलं. खालून एक पांढरं डोकं बाहेर आलं आणि मान वाकडी करून वर बघायला लागलं. मी नमस्कार केला. डोकं आत गेलं.

संध्याकाळी बेल वाजली. सून दार उघडून तशीच माझ्याकडं आली.

"अण्णा, दिवसभरात काय केलंत तुम्ही? खालचे आजोबा आलेत."

"काय करणार? बसलो होतो."

"काही आपटलंत का? मोठ्यानं बोललात? दुपारी रुहेत्साइट असते, आवाज करायचा नाही, सांगितलं होतं ना मी?"

"मी नुसतं हूं म्हणालो."

"कुणाला?"

"त्याला."

तिला काही उलगडेना. ती दारात जाऊन त्याची माफी मागायला लागली आणि तो काठी हलवून नाही नाही करायला लागला. मग तोच बोलत राहिला, ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता वळून माझ्याकडं बघायला लागली.

"अण्णा, ते म्हणतायत, उद्या सकाळी खाली याल का? ते लेखक आहेत. लिहिलेलं वाचून दाखवणार म्हणे."

"कुठल्या भाषेत?"

"इंग्रजी."

"मला येत नाही म्हणून सांग."

तिनं सांगितलं. म्हातारा हसला. सून म्हणाली, "गेनाऊ म्हणतायत. म्हणजे, तेच तर हवंय."

जेवताना तिनं फोनवर त्याची सगळी माहिती काढली. हा अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या गावचा. बाप बोटीवर कामाला जायचा, तो एकदा गेला तो आलाच नाही. आई लोकांचे कपडे धुवायच्या कारखान्यात. पोरगं फौजेत भरती झालं. इथं तेव्हा अमेरिकन फौजेची छावणी होती, तिथं आलं आणि पियानो शिकवणाऱ्या एका जर्मन बाईशी त्यानं लग्न केलं. पलटण परत गेली, हा राहिला. आधी कविता केल्या. त्या तिकडं छापल्या, लोक चांगलं म्हणाले. मग आपल्या नदीकाठच्या गावावर कादंबरी लिहिली. ती एवढी गाजली की तिकडच्या शाळांत लावली. मग आणखी लिहिल्या. मग वारा फिरला. तिकडचे म्हणायला लागले, हा आता आपल्यात राहत नाही, ह्याला आपलं काय ठाऊक? इकडचे म्हणायचे, चांगला आहे, पण आपला कुठं, अमेरिकन आहे. मग ह्यानं कॉलेजात पोरांना इंग्रजी शिकवून संसार केला.

"आता त्यांची पुस्तकं तिकडं मिळतसुद्धा नाहीत, अण्णा," सून म्हणाली. "जुन्या पुस्तकांच्या दुकानात असली तर."

पोरगा म्हणाला, "म्हणजे रिटायर्ड."

मी म्हणालो, "रिटायर माणूस एका वाक्यासाठी सकाळ घालवत नाही."

दुसऱ्या दिवशी खाली गेलो. भिंतीभर पुस्तकं, एक पियानो झाकण लावलेला, त्यावर विणकामाची टोपली. खिडकीजवळ एक खुर्ची होती, ती त्यानं मला दिली. मग टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या आणि सुया धरल्यासारख्या हलवायला लागला. मला वाटलं, बिघडलंय ह्याचं. तो तोंडानं इंग्रजी म्हणत होता आणि हातानं विणत होता. मग एकाएकी पेन्सिली थांबवल्या, कान टवकारला, बोट वर केलं आणि भिंतीवरच्या बाईच्या फोटोकडं दाखवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती ह्या खुर्चीत विणत बसायची आणि हा वाचायचा. सुया थांबल्या की पान जमलं. ती गेली, आणि जमलं का नाही हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही. मग लिहिणंही अडून पडलं. हे सगळं आम्ही दोघं एक शब्द न बोलता बोललो.

तेव्हापासून रोज. पोरं कामाला गेली की मी जिना उतरायचा. तो उभ्यानं वाचायचा, एक हात टेबलावर ठेवून. हुंकार आला तिथं तो पुढं जायचा. नाही आला तिथं पेन्सिलीनं बारीक रेघ मारायचा. दुसऱ्या दिवशी तीच जागा बदलून यायची. कधीकधी आठवडाभर आम्ही एकाच पानाच्या चिखलात रुतलेले. तो कधी चिडला नाही. उलट मला फसवायला बघायचा. भिकार वाक्य मुद्दाम घोगरा आवाज लावून म्हणायचा आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघायचा. मी ओठ मिटून गप्प. मग तो असा खदखदून हसायचा की खोकला लागायचा.

एकदा मी शेंगदाण्याची चटणी नेली. त्यानं ती लोण्यासारखी ब्रेडवर थापली, मोठा घास घेतला आणि मग घरभर पाणी शोधत फिरला. दुसऱ्या दिवशी बरणी रिकामी करून परत दिली.

सून म्हणाली, "अण्णा, गोष्ट काय आहे ते त्यांना विचारून सांगू का तुम्हाला? उगाच न कळता बसता."

"नको."

"अहो, पण का?"

"गोष्ट कळली तर मी गोष्टीला हुंकार देईन. त्याला गोष्टीचा नकोय, आवाजाचा पाहिजे."

"तुमचं दोघांचं काही कळत नाही बाई," ती म्हणाली. पण त्यानंतर ती रोज संध्याकाळी विचारायची, "आज किती पुढं गेलात?" आणि मी ऑफिसातून आल्यासारखं सांगायचो, "आज चढ होता, पहिल्या गिअरवर काढला."

त्या घरात मी असताना दाराची बेल कधी वाजली नाही. टपाल यायचं ते दुकानांच्या जाहिरातींचं. ज्या माणसाचं पुस्तक एका अख्ख्या देशातली पोरं शाळेत शिकली, त्याच्याकडं येणारा मी एकटा होतो. आणि ह्या गावात मला खुर्ची ओढून देणारा तो एकटा होता.

झाडांची पानं गळायला लागली तेव्हा त्याची कमर बसली. जिना उतरणं बंद झालं. अमेरिकेतून त्याची मुलगी आली, चांगली उंच, पोक्त बाई. एका संध्याकाळी सुनेनं भाजी निवडताना विषय काढला.

"अण्णा, त्या त्यांना न्यायला आल्यात. एकटं राहणं आता जमणार नाही त्यांना. तेही तयार झालेत. फक्त अट घातलीय, कादंबरी संपल्यावर."

"मग संपू दे की."

"शेवटचं पान राहिलंय. आणि ते संपलं का नाही, हे म्हणे तुम्ही ठरवणार."

पोरगा हसायला लागला. "अण्णा, तुमच्या हूंवर विमानाचं तिकीट अडलंय बघा!"

मला हसू आलं नाही. मी खिडकीबाहेर बघितलं. दिवस लवकर मावळायला लागले होते. इथला हिवाळा मी एक काढला होता, घरात एकटा, पडदे सरकवत आणि परत लावत. मनात आलं, हुंकार नाही दिला तर हा पान बदलत राहील. बदलत राहिला तर राहील. हे मनात आलं, ते मी इथं लिहितो. माणसाच्या मनात येणारच.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेवटचं पान वाचलं. मुलगी हाताची घडी घालून पियानोजवळ उभी. मी कान देऊन ऐकलं. हुंकार आला नाही. मी अडवला नाही, तो आलाच नाही. घाटाचा शेवटचा उतार होता आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडून दिलेली, एकदाचं खाली पोचायचं म्हणून. त्याला पण ते कळलं. त्यानं रेघ मारली. असं बरेच दिवस चाललं. तो रोज पान बदलायचा, मी रोज गप्प, आणि ती मुलगी रोज माझ्याकडं बघायची.

शेवटी ती वर आमच्याकडं आली. सुनेशी हळू आवाजात बोलली. सून मान खाली घालून मराठीत सांगायला लागली. "अण्णा, रागावू नका. त्या म्हणतायत... तुम्हाला ते जायला नको आहेत, म्हणून तुम्ही मुद्दाम गप्प बसता."

माझ्या कानशिलात जाळ झाला.

"तिला सांग, मला तो जायला नकोच आहे."

"असं सांगू?"

"असंच सांग. आणि हेही सांग की मी मुद्दाम गप्प बसलेलो नाही. आणि आता मी खाली येणार नाही. त्यांचं पान आहे, त्यांनी बघून घ्यावं."

"अण्णा, एवढं ताणू नका हो."

"मी नाही ताणलं. ताणलं तिनं."

मी गेलो नाही. दोन वेळा ती मुलगी दारात येऊन गेली, मी खोलीतून उठलो नाही. पोरगा म्हणाला, "आल्झो, म्हणजे कुणाचं काय अडलंय एवढं? ते म्हातारे, तुम्ही म्हातारे." मी म्हणालो, "माझं काही अडलेलं नाही." पण सकाळी पोरं गेली की मी चप्पल पायात घालायचो आणि परत काढायचो. रस्त्यावर बस दारं उघडायची, मिटायची. भांडी घासून झाली, पेपरातली चित्रं बघून झाली, तरी घड्याळात दुपार होत नव्हती. खालून काही ऐकू येत नव्हतं. तो वाचतच नव्हता.

रविवारी बेल वाजली. पोरगा पोहे करत होता, त्यानं पळी हातात घेऊनच दार उघडलं. दारात तो. एका हातात काठी, दुसरा हात मुलीच्या खांद्यावर, घामानं कपाळ ओलं. एक जिना चढायला त्याला केवढा वेळ लागला असेल. पोरानं खुर्ची दिली तर बसला नाही. ओट्याला टेकून उभा राहिला, दम खाल्ला, खिशातून पान काढलं. सुनेनं मिक्सर बंद केला.

त्यानं वाचायला सुरुवात केली.

ह्या वेळी घाई नव्हती. आवाज सावकाश चालला होता, आपलं गाव जवळ आल्यावर ड्रायव्हर आपोआप गाडी हळू करतो तसा. मध्ये एका ठिकाणी तो अडखळला, पण ते अडखळणं वाक्यातलंच होतं. मग शेवटचं वाक्य आलं. लहानसं होतं. वर गेलंच नाही. नुसतं येऊन थांबलं.

हुंकार माझ्या गळ्याशी आला.

तो गिळणं सोपं होतं. कुणाला कळलं नसतं. मुलगी आधीच माझ्यावर ठपका ठेवून बसली होती, तिला नवीन काय वाटणार होतं? म्हातारा खाली जाऊन परत रेघ मारणार, आणि उद्यापासून मी परत त्या खुर्चीत. हिवाळा निघाला असता. तो माझ्याकडं बघत होता, चष्म्यावरून नाही, सरळ. मला वाटतं त्यालाही ठाऊक होतं की मी गिळू शकतो. आणि गिळला असता तर तोही काही बोलला नसता.

मी म्हणालो, "हूं."

नेहमीपेक्षा मोठ्यानं आलं. नात आतल्या खोलीतून बघायला बाहेर आली.

त्यानं पेन्सिल काढली नाही. पानाची घडी केली, खिशात ठेवली आणि माझ्या दंडावर हात ठेवून उभा राहिला. मुलीनं तोंड फिरवलं. मग काहीतरी बोलली, डोळे पुसत.

सून म्हणाली, "अण्णा, त्या माफी मागतायत."

"राहू दे म्हणावं. पोहे खा म्हणावं."

आठवडाभरात घर हललं. पियानो गाण्याच्या शाळेला गेला. पुस्तकांची खोकी गेली. त्यानं ती खिडकीजवळची खुर्ची मला देऊ केली. पोरगा म्हणाला, "घ्या की अण्णा, चांगलं लाकूड आहे." मी नको म्हणालो. मी बसायला जात नव्हतो त्याच्याकडं.

जायच्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. पोरगा आणि टॅक्सीवाला दोघांनी मिळून त्याला जिना उतरवला. फुटपाथवर तो माझ्यासमोर उभा राहिला आणि बोलायला लागला. इंग्रजीत, बराच वेळ. कागद नव्हता हातात. कुठं थांबला, कुठं हसला, एका ठिकाणी वर खिडकीकडं बघायला लागला. मी जागोजागी हुंकार दिला. सगळे खरे होते. शेवटी तो एक वाक्य बोलला आणि तिथं माझा हुंकार आला नाही. परत येईन, भेटू, असलं काहीतरी असणार. निघताना ते बोलायची पद्धत असते, आणि ते बोलताना माणसाचा आवाज कुठल्याही मुलखात सारखाच होतो. त्याच्या ते ध्यानात आलं. तो हसला. ते वाक्य त्यानं पुन्हा बदलून म्हटलं नाही. टॅक्सीत बसला.

टॅक्सी वळून गेली. सून सायकलचं कुलूप काढत म्हणाली, "अण्णा, ते काय म्हणाले ते सांगू?"

"नको."

तिनं हेल्मेट घातलं आणि ती कामावर गेली. पोरगाही गेला. मी जिना चढलो. खालच्या मजल्यावर रंगारी आधीच आले होते, दार सताड उघडं, आत रिकाम्या भिंती खरवडत होते. त्यातला एकजण सकाळच्या रामरामासारखं "मॉर्गन" म्हणाला. मीही म्हणालो. मग वर आलो, दार लावून घेतलं, आणि बसलो. सकाळच होती अजून.